कपाळ गुडघ्याला लागेपर्यंत

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलांना नाही. देवापुढे हात जोडले तरी एवढं एक मी गाळूनच पुढे जाते. तुम्हाला सांगते आहे, कारण — कारण तुम्ही आक्काला कधी पाहिलेलं नाही.

आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. निपाणीला आम्ही दोघी एकाच सोप्यात समोरासमोर बसून बिड्या वळायचो. पाय पसरलेले, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, आणि सकाळपासून दिवे लागेपर्यंत मान खाली. उठताना भिंत धरावी लागायची. तरणीताठी माणसं आम्ही, पण संध्याकाळी अंगणात म्हाताऱ्यांसारख्या चालायचो आणि एकमेकींना बघून हसायचोसुद्धा. हसायचो, हे खरं आहे. आमचं वाईट नव्हतं.

त्या सुमारास शाळेतून निवृत्त झालेल्या ड्रिलच्या एक बाई दुपारी देवळाच्या ओवरीत बायकांना आसनं शिकवायला लागल्या. घरातून एकीलाच जाता येणार. दुसरीनं काम रेटायचं. कंबर जास्त दुखायची ती आक्काची. तरी तीच म्हणाली, "तू जा गं शालन. तुझं डोस्कं चालतंय. शिकून ये आन् मला शिकीव." मी देवळात असायचे तेव्हा माझ्या वाटच्या बिड्या ती वळायची. म्हणजे माझ्यासाठी ती आणखी वाकायची.

सुरुवातीला बाईंनी सगळ्यांना एकच शिकवलं — पाय पसरून पुढे वाकायचं, पायाचे अंगठे धरायचे. मी घरी येऊन तसंच आक्काला दाखवायचे. आक्काचे हात घोट्यापर्यंतसुद्धा पोचायचे नाहीत. मी तिच्या पाठीवर हात ठेवून हळूच दाबायचे. त्यात खोट नव्हती. मला खरंच तिची कंबर बरी व्हायला हवी होती.

मग ती बालवाडीची गोष्ट झाली. बाईंनी माझ्यासाठी बेळगावात, खासबागेतल्या एका बालवाडीत शब्द टाकला होता. नवऱ्यालाही तिकडे कामाची आशा होती. सुपापुढून उठायचं, पोरांना गाणी शिकवायची — मला रात्री झोप लागेना. सासऱ्यांना सणानंतर, त्यांचा रागरंग बघून, नवरा विचारणार होता. तोवर कुठं बोलायचं नाही असं आमचं ठरलेलं. मी फक्त आक्काला सांगितलं. तिच्यापासून काय लपवायचं, असं मला वाटायचं.

आणि एका दुपारी बाईंनी मला बाजूला घेतलं. विचारलं, दिवसभर बसतेस कशी? मी बसून दाखवलं. त्यांनी माझ्या वाकलेल्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, तुम्ही आधीच दिवसभर पुढे वाकलेल्या, तुम्हाला आणखी वाकवून मी चूक केली. हे आता बंद. पालथं निजायचं, हात टेकायचे, छाती हळूच वर उचलायची. भुजंगासन. सोसेल तेवढंच. आणि जावेला आजच सांग.

आजच सांग. मी लगबगीनं घरी आले ते तिला सांगायलाच.

सोप्यात सासरे बसले होते. "बेळगावला कोण जातंय, मी बघतो," एवढंच म्हणाले. आवाजसुद्धा चढवला नाही. मी आत बघितलं. आक्का भाकरी थापत होती आणि तिनं मान वर केली नाही. तेवढ्यानं मला कळायचं ते कळलं. मी तिच्याशी ओरडून भांडले असते तर बरं झालं असतं. मी भांडले नाही. माझ्या आत काहीतरी थंड झालं.

संध्याकाळी ती माझ्याजवळ आली, अपराध्यासारखी. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आज काय शिकिवलं गं बाईंनी?"

मी म्हणाले, "त्येच. पर आजून वाकायचं. कपाळ गुडघ्याला लागाय पायजे."

एक दिवस तिला दुखू दे, एवढंच मनात होतं — असं मी स्वतःला कितीदा सांगितलंय. पण दुसऱ्या दिवशीही मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आधीचं खोटं आडवं आलं. मी माजघराचं दार लावून पालथी निजायचे, छाती वर उचलायचे. माझी कंबर मोकळी झाली. बाहेर आक्का दात आवळून वाकायची. माझ्यावर विश्वास ठेवून. बाई विचारायच्या, जाऊ करते का? मी सांगायचे, ती ऐकत नाही.

पुढे तिच्या डाव्या पायात कळ उतरायला लागली. मग पाय बधिर व्हायला लागला. मग ती खाट धरूनच उभी राहायची, आणि शेवटी खाटेवरच पडून राहिली. माझ्याशी दगा केला तो तिनं एकदाच, आणि कशासाठी? मी गेले असते तर घरातलं सगळं काम तिच्या एकटीच्या मांडीवर आलं असतं. ती घाबरली होती. मी घाबरले नव्हते.

काही वर्षांनी तिची लेक मंगल सुपापुढे बसायला लागली आणि कंबर धरून उठायला लागली. आक्का खाटेवरूनच तिला सांगत होती, "पाय सरळ ठेव. काकीनं मला आसंच शिकिवलंय." मला बघवलं नाही. मी मंगलला माजघरात नेलं, पालथं निजवलं, सगळं दाखवलं. पोरीला उतार पडला. ती हरखून आईला सांगायला धावली.

आक्कानं मला हाक मारली. खाटेशेजारी बसवलं. मग विचारलं, "ह्ये तुला कवा कळलं गं, शालन?"

तेव्हा तरी बोलायचं होतं. तिनं विचारलं होतं.

मी म्हणाले, "आत्ताच. बेळगावला लग्नाला गेलतो तवा."

"बरं झालं," आक्का म्हणाली. "पोरीचं तरी वाचलं." आणि खाटेची कड धरून ती हळूहळू, एरवीसारखा मला हात न मागता, भिंतीकडे तोंड करून वळली.