जुना लॅपटॉप पुसण्याआधी

लोकांच्या सासवा अमेरिकेत उन्हाळ्यात येतात. माझ्या सासूबाई मुद्दाम हिवाळ्यात आल्या, कारण त्यांना बर्फ बघायचा होता. आम्ही राहायचो त्या ईडन प्रेरीत बर्फाला काही तोटा नाही. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी तो बाल्कनीतून बघितला, पार्किंग लॉटमध्ये उतरून हातात घेऊन बघितला, एक फोटो काढून घेतला आणि वर येऊन म्हणाल्या, "झालं बघून." परतीचं तिकीट मात्र मे महिन्याचं होतं.

सासूबाई पुण्यात एका बँकेत होत्या. बँकेत कॉम्प्युटर यायला लागले तेव्हा त्या स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडल्या. "ते आले आणि मी गेले," असं सांगायच्या, जणू दोघांचा डोळा एकाच खुर्चीवर होता. मी नागपूरची, बॉटनीत एमएस्सी केलेली. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नाही, म्हणून घरात. नवरा सकाळी गाडी आणि लॅपटॉप घेऊन ऑफिसला जायचा आणि आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत त्या दुसऱ्या मजल्यावर. लग्नाला दीडेक वर्ष झालं होतं. आम्ही एकमेकींशी फार नीट वागायचो. इतकं नीट, की दुपारनंतर बोलायला काही उरायचंच नाही.

सासूबाईंची एकच अडचण होती, पेपरची. नवरा घरी आला की आपल्या लॅपटॉपवर त्यांना पुण्याचा पेपर उघडून द्यायचा. पण आपली संध्याकाळ म्हणजे तिकडची दुसऱ्या दिवशीची सकाळ, त्यामुळे त्यांना मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी बुधवारचा पेपर वाचावा लागायचा. ते त्यांना अजिबात पटत नव्हतं. पेपर सकाळी वाचायचा असतो, चहाबरोबर, आणि त्याच्यावर आजची तारीख असावी लागते, असं त्यांचं म्हणणं. घरात एक डेस्कटॉप होता, पण तो आमच्या बेडरूममध्ये. मी कितीदा सांगितलं तरी त्या तिथे जाऊन बसायच्या नाहीत. दारातूनच म्हणायच्या, "नको गं, तुमची खोली आहे ती."

कपाटात, कोटांच्या खाली, नवऱ्याचा जुना लॅपटॉप पडलेला होता. अमेरिकेतल्या पहिल्या नोकरीवर, अल्फारेटा गावात असताना त्याने घेतलेला. एके दिवशी मी तो डायनिंग टेबलवर आणून चालू केला. कुकरला तीन शिट्ट्या झाल्या, मी वरण घोटलं, फोडणी दिली, तरी त्याचं वाळूचं घड्याळ फिरतच होतं. शेवटी ब्राउझर उघडला आणि पेपरचं नाव अर्धं दिसून सगळं थिजलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्या बँकेतला पण असाच होता."

नवऱ्याने संध्याकाळी निकाल देऊन टाकला. हा गेलेला आहे, रिसायकलिंगला देऊन टाकू, आईसाठी नवा आणू. नव्याला सासूबाईंनी साफ नकार दिला. मे महिन्यात मी जाणार, मग तो कोणासाठी ठेवायचा, असं म्हणाल्या आणि विषय संपला.

माझी कॉलेजातली एक मैत्रीण सांता क्लाराला टेस्टिंगमध्ये होती. तिला फोनवर हे सगळं सांगितलं. ती नागपुरी हेलात म्हणाली, "अगं, मशीनला काही झालं नाही आहे. विंडोज जड झालं त्याला. तू त्याच्या जागी लिनक्स टाक ना यार, हलकंवालं. पेनड्राइव्हवरून होतं सगळं." मी तिला आठवण करून दिली की मी फुलांच्या पाकळ्या मोजण्यात पदवी घेतली आहे. ती म्हणाली, वाचता येतं ना, मग झालं. तिने एका लिनक्सचं नाव सांगितलं, ज्याच्या नावातच कुत्र्याचं पिल्लू होतं. फार छोटं आहे, जुन्या मशीनवर पळतं, म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा सासूबाईंनी विचारलं, काय म्हणाली. मी सांगितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "करून बघू. नाही तरी आपल्याला दुसरं काय काम आहे?" त्यातला 'आपल्याला' मला फार आवडला.

शनिवारी नवरा आम्हाला दुकानात घेऊन गेला. तो स्वतः पार्किंगमध्ये फोनवर ऑफिसचं काहीतरी बोलत राहिला, म्हणून आत आम्ही दोघीच. मी काउंटरवरच्या माणसाला म्हटलं, मला पेनड्राइव्ह पाहिजे. त्याने फार अदबीने आम्हाला पेनांच्या रांगेत नेऊन सोडलं. मी हातवारे करून सांगायला लागले, की ते कॉम्प्युटरला लावतात ते, एवढंसं. तोपर्यंत सासूबाईंनी तिथली पेनं कागदावर घासून बघायला सुरुवात केली होती. शेवटी त्याला उलगडा झाला आणि तो म्हणाला, असं होय, फ्लॅश ड्राइव्ह. तो शब्द ऐकून सासूबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, आपण बरोबर तेच घेतोय ना, नीट विचारून घे.

सोमवारी नवरा गेल्यावर आम्ही बसलो. मैत्रिणीने बजावून ठेवलं होतं की लिनक्स टाकताना आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आत काही कामाचं आहे का ते बघून घ्या. नवऱ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, काही नाही, पुसून टाका. तरी सासूबाई म्हणाल्या, बघूया. त्यांना कोणतंही खातं न बघता बंद करायची सवय नव्हती.

आत एक फोटोंचं फोल्डर होतं. लॅपटॉप एकेक फोटो वरून खाली असा हळूहळू उघडायचा, पडदा पडावा तसा. आधी केस दिसायचे, मग कपाळ, मग चेहरा. पहिल्या काही फोटोंना आम्ही दोघी खूप हसलो. नवऱ्याने तेव्हा मिशी ठेवली होती, ती मला कोणी सांगितलेलीच नव्हती. सासूबाईंनाही नव्हती. मग एक फोटो आला तो अल्फारेटाच्या घरातल्या सिंकचा, त्यात भांड्यांचा असा ढीग की नळ दिसत नव्हता. जमिनीवर नुसती गादी. टीव्हीचं रिकामं खोकं उलटं घातलेलं, तेच जेवायचं टेबल. त्याच्याभोवती तीन मुलं, मधे एकच पातेलं आणि चार चमचे, कारण चौथा फोटो काढत होता.

सासूबाईंचं हसू हळूहळू कमी होत गेलं. तो दर रविवारी फोनवर त्यांना काय जेवलो ते सांगायचा म्हणे. पोळी, भाजी, कधी कधी आमटी सुद्धा.

त्यानंतरचा फोटो त्याच्या वाढदिवसाचा होता. तो त्या खोक्यासमोर बसलेला, मित्र टाळ्या वाजवतायत, आणि पुढ्यात बशीत ब्रेडचा एक स्लाइस, त्यात खोचलेली मेणबत्ती. तो मनापासून हसत होता. दुःखी वगैरे मुळीच नव्हता. सासूबाई त्या फोटोकडे खूप वेळ बघत राहिल्या.

"मला म्हणाला होता, मित्रांनी मोठा केक आणला," त्या म्हणाल्या. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि परत लावला. "हे पण पुसलं जाणार?"

मी म्हटलं, "नाही आई, हे मी काढून ठेवते."

"आधी ते काढ. मग तुझं ते लिनक्स."

पेनड्राइव्ह आमच्याकडे एकच होता. त्यामुळे आधी त्याच्यावर सगळे फोटो घेतले, ते बेडरूममधल्या डेस्कटॉपवर उतरवले आणि मग पेनड्राइव्ह पुन्हा रिकामा केला. फोटो नीट आले की नाही हे बघायला सासूबाई पहिल्यांदा आमच्या बेडरूममध्ये येऊन खुर्चीवर बसल्या. सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून बघितले. या वेळी मिशीला मात्र परत हसल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी बदाम, बेदाणे, केशर घालून शिरा केला. नवरा पहिला घास घेऊन म्हणाला, आज काय विशेष. सासूबाई म्हणाल्या, "काही नाही. ब्रेड संपला होता." त्याला काही कळलं नाही. तो दोनदा मागून खात होता आणि मी मान खाली घालून ताटाकडे बघत होते.

मंगळवारी खरं काम. मैत्रिणीने पाठवलेल्या सूचना समोर ठेवून मी डेस्कटॉपवरून लिनक्सच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवल्या आणि एका काळ्या खिडकीत तिने दिलेली ओळ जशीच्या तशी टाइप केली. सासूबाई अक्षर अक्षर ताडून बघत होत्या. मग पेनड्राइव्ह जुन्या लॅपटॉपला लावून तो चालू केला, तर पुन्हा तेच विंडोज, तेच वाळूचं घड्याळ. मैत्रीण फोनवर म्हणाली, सेटिंगमध्ये जाऊन त्याला सांगावं लागेल की आधी पेनड्राइव्ह बघ. त्यासाठी चालू होता होता एफ-टू दाबायचं, भराभर. ते काम मी सासूबाईंना दिलं. त्यांनी एकदा, हलकेच, दारावरची बेल वाजवावी तसं दाबलं. विंडोज आलं. मी म्हटलं, आई, सारखं सारखं दाबा. त्या म्हणाल्या, असं बरं दिसत नाही. पण पुढच्या खेपेला त्यांनी ते बटण असं बडवलं की मला टेबल धरावं लागलं. निळा पडदा उघडला. त्यात कोणाला आधी बघायचं त्याचा क्रम होता. पेनड्राइव्ह सगळ्यात खाली.

"म्हणजे पंगतीत आधी कोण बसणार एवढंच ना?" सासूबाईंनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी बाण दाबत दाबत पेनड्राइव्हला वरच्या पाटावर नेऊन बसवलं.

या वेळी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या. सासूबाई त्या मोठ्याने वाचायला गेल्या, पण ओळी थांबेनात. मग एकदम रंगीत चित्र आलं, आणि कुत्रं भुंकलं.

आम्ही दोघी दचकलो. सासूबाई उठून दाराच्या भिंगातून बाहेर बघायला गेल्या, कारण समोरच्या घरात एक मोठा कुत्रा होता आणि त्याची त्यांना धास्ती होती. बाहेर कोणी नव्हतं. मी मैत्रिणीला विचारलं तर ती हसत सुटली. ते लिनक्सच भुंकलं होतं. सुरू झालं की भुंकतं, तशी पद्धतच आहे त्याची. सासूबाई परत येऊन बसल्या आणि लॅपटॉपकडे जरा संशयाने बघत म्हणाल्या, पाळलेलं आहे तर.

पण ते खरंच पळत होतं. जे बटण दाबू ते लगेच उघडायचं. फक्त वायफाय काही केल्या लागेना. मैत्रीण म्हणाली, त्याचं कार्ड ओळखत नाहीये, नाद सोड, वायर लाव. वायर कपाटात सापडली. ती बेडरूममधल्या राउटरपासून हॉलमधून डायनिंग टेबलापर्यंत आणली आणि पॅकिंगच्या टेपने कार्पेटला चिकटवली.

शेवटी पक्कं इन्स्टॉल करायची वेळ आली. पडद्यावर प्रश्न आला, की या डिस्कवरचं सगळं जाईल, चालेल का. मी हात मागे घेतला. घरात दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना होतं तसं झालं. सासूबाईंनी मला विचारलं, तुझं काही नाही ना यात. मी नाही म्हटलं. "त्याचं आपण काढून घेतलंय," असं म्हणून त्यांनी चष्मा सारखा केला आणि एंटर दाबलं. ज्यांनी कॉम्प्युटर नको म्हणून नोकरी सोडली, त्या बाईंनी आख्खा कॉम्प्युटर एका बोटाने पुसला. नंतर ते बोट त्यांनी बराच वेळ तसंच वर धरून ठेवलं होतं.

पेपर उघडला तर मराठीच्या जागी नुसते चौकोन. मैत्रिणीच्या सांगण्यावरून डेस्कटॉपवरचा फॉन्ट आणून घातला, तेव्हा अक्षरं आली, पण ऱ्हस्व वेलांटी पलीकडच्या अक्षरावर जाऊन बसली. निवडणूक दिसायची 'नविडणूक', मिरची दिसायची 'मरिची'. मैत्रीण म्हणाली, ते पण ठीक करता येतं, पण लांबलचक आहे. सासूबाई म्हणाल्या, राहू दे, कळतंय. बँकेत लोकांच्या सह्या वाचायची सवय असलेल्या माणसाला एवढी वेलांटी काय अडवणार. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चहाचा कप घेऊन टेबलाशी बसल्या, वर आजची तारीख बघून घेतली आणि वाचायला लागल्या. नवरा घाईघाईने बूट घालायला गेला तो वायरीत अडकला, सावरला, टेबलाकडे बघितलं आणि ऑफिसला गेला.

शनिवारी सकाळी मात्र त्याला राहवेना. तो खुर्ची ओढून म्हणाला, आई, सरक जरा, तुझ्या वेलांट्या सरळ करून देतो, वायफाय पण लावून देतो.

"तू तुझं ऑफिसचं बघ," सासूबाई म्हणाल्या. "याचं आम्ही दोघी बघतो."

मग तो तसाच शेजारी बसून राहिला. थोड्या वेळाने त्याने विचारलं, क्रिकेटचं काय आलंय. त्यांनी वाचून दाखवलं. मग पुण्यातलं काय, ते वाचलं. पाण्याचं वाचलं, एका नाटकाचं वाचलं, कुठल्याशा रस्त्याच्या खोदकामाचं वाचलं. तो हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होता. मी त्याच्यापुढे चहा ठेवला. त्याचं लक्ष नव्हतं.