सहीच्या जागचं भोक

थर्झा व्हीलॉकच्या कात्रीला हार्लो गावात तोड नव्हती. तीस वर्षं तिने अर्ध्या गावाचे लग्नाचे झगे बेतले आणि उरलेल्या अर्ध्याचे सुतकाचे काळे. बोलण्यात मात्र ती भारी काटकसरी. व्हरमाँटच्या त्या डोंगरांत एकदा शब्द दिला की दिला, म्हणून माणसं तो जपूनच देतात. कर्नल पीस्ली तेवढे अपवाद होते. पण ते पुढे काँग्रेसमध्ये, म्हणजे देशाच्या कायदेमंडळात, निवडून गेले, आणि तिथे तर शब्दांचाच धंदा.

त्यांच्याच एका शब्दाने थर्झाच्या संसाराची माती झाली. अठराशे बासष्टच्या उन्हाळ्यात, अमेरिकेतलं यादवी युद्ध ऐन भरात असताना, कर्नलनी तिच्या नवऱ्याला, अमासाला, तंबूत बोलावलं. त्यांना निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि पक्षाच्या मंडळींना गुपचूप पत्रं पोचवायची होती. सरकारी शिपाई असल्या कामाला धाडल्याचं कुठे दिसता कामा नये. "रजेचा कागद कशाला? मी आहे ना!" कर्नल म्हणाले. अमासाने पत्रं पोचवली. परतताना विषमज्वराने सहा आठवडे एका कोठारात पडून राहिला. हाडांचा सापळा होऊन पलटणीत पोचला, तर हजेरीपटात त्याच्या नावापुढे 'पळाला' असं लिहून झालं होतं. कर्नल तोवर निवडून गेले होते. "पुढची निवडणूक होऊ दे, मग दुरुस्त करतो," असं ते आठ निवडणुका म्हणत राहिले आणि नवव्या निवडणुकीआधी मेले.

चोवीस वर्षं अमासाने 'पळपुटा' ही शिवी ऐकली. आता छाती खोकल्याने पोखरलेली, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, अक्षर म्हणून दिसेना. आणि नेमकं त्याच वर्षी गावाच्या हिरवळीवर शिपायांचं स्मारक उभं राहत होतं, लढलेल्या प्रत्येकाचं नाव दगडात कोरून.

"आपलं नाव लागेल का गं?" तो रोज विचारायचा. दुसरं काही त्याला नको होतं.

स्मारक समितीचा प्रमुख होता इबेन थ्रॉल, पलटणीचा जुना सार्जंट. "हे बघ थर्झा, एका भांड्यात जेवलोय आम्ही," तो म्हणाला. "पण कागद आण. कर्नलच्या हातचा, अमासाच्या नावाचा. एक ओळ पुरे. सोमवारी पाथरवट छिन्नी घेऊन बसणार आहे, त्याआधी आण."

कर्नलचे कागद त्यांच्या अविवाहित मुलीकडे, मिस कॉर्डेलियाकडे, तीन ट्रंकांत होते. आणि नशिबाची थट्टा बघा, तिनेच थर्झाला कामाला बोलावलं. जुन्या शिपायांचा मेळावा भरणार होता; प्रत्येकाला कर्नलची सही आठवण म्हणून द्यायची, तर पत्रांच्या तळच्या सह्या सफाईने कापून हव्या होत्या. त्या काळी ही रीतच होती. थोर माणूस मेला की त्याची पत्रं अशी उंदराने कुरतडल्यासारखी व्हायची. कर्नल तर बायकोलाही पूर्ण नावानिशी सही करत. न जाणो, पुढेमागे इतिहासाने वाचलं तर!

"बाई, यातच कुठेतरी आमच्या अमासाचं काही असेल," थर्झा म्हणाली.

"मेळावा झाला की मी स्वतः एकेक पत्र वाचीन, वचन देते. पण तू वाचायचं नाहीस. वडिलांची खाजगी पत्रं आहेत. बायबलवर हात ठेव."

थर्झाने हात ठेवला. दोन दिवस ती पत्र दुमडून, फक्त सही दिसेल एवढंच उघडं ठेवून कापत बसली. दुसरी कुणी असती तर चोरून वाचलं असतं. मला अजून वाटतं, वाचायला हवं होतं.

एका सहीवर शाईचा मोठा डाग पडला होता. ती शिपायाला कशी द्यायची, म्हणून कॉर्डेलियाने ती थर्झालाच देऊन टाकली.

"काय आणलंस?" अमासाने विचारलं.

"तुझ्या कर्नलची सही."

"चुलीत घाल! त्याचं नाव या घरात नको."

थर्झाने चुलीचं झाकण उचललं आणि सहीचा तुकडा न उलटताच आत टाकला. खोटं कशाला, तिला बरंच वाटलं.

मेळाव्यानंतर, शनिवारी, कॉर्डेलिया धापा टाकत आली. शब्दाची पक्की निघाली. हातात तिच्या आईला आलेलं पातळ कागदाचं पत्र होतं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. पहिल्या बाजूच्या तळाशी मजकूर होता: 'हे पत्र घेऊन येतो आहे तो शिपाई', आणि पुढे भोक. भोकानंतर: 'त्याला मी केवळ माझ्या शब्दावर धाडलं आहे. त्याच्यावर ठपका येऊ देणार नाही.' भोकाच्या कडेला शाईचा अर्धा डाग होता.

थर्झाने डाग ओळखला. सहीच्या पाठीमागेच नाव होतं. आपल्याच हातांनी कापलं, आपल्याच हातांनी जाळलं.

तशीच ती थ्रॉलकडे धावली. त्याने कागद उजेडात धरला, बराच वेळ.

"यात कुणाचंही नाव बसेल, थर्झा."

"इबेन, देवाशपथ, अमासाचंच होतं!"

"मला पटतं गं. पण समितीतले बाकीचे चौघं म्हणतील, कात्री तुझी, भोक तुझं." त्याचे डोळे भरून आले होते. "नावाचा तुकडा आण. मी स्वतः छिन्नी धरतो."

तुकड्याची तर चुलीत राख झाली होती. तिने कागदाची घडी घातली आणि घराकडे वळली.

घरी अमासा उशीला टेकून बसला होता. कॉर्डेलियाचा आवाज त्याने ऐकला होता. "सापडलं ना? वाच."

थर्झाने वाचलं. "'हे पत्र घेऊन येतो आहे तो शिपाई,'" आणि मग, जन्मात कधी खोटं न बोललेल्या त्या बाईने, एकदाही न अडखळता, "'अमासा व्हीलॉक. त्याला मी केवळ माझ्या शब्दावर धाडलं आहे.'"

"म्हणजे लिहिलं होतं मेल्याने," अमासा पुटपुटला. हसला. मग रडला. "आणि आपण त्याची सही जाळली! जाऊ दे, हे तर राहिलं. कुठे आहे माझं नाव? बोट ठेव बघू."

थर्झाने भोकावर आपला अंगठा दाबून धरला, त्याचं बोट उचललं आणि 'ठपका' या शब्दावर ठेवलं.

"इथे," ती म्हणाली.

सोमवारी हिरवळीवरून छिन्नीचा आवाज यायला लागला. अमासा डोळे मिटून कान देऊन होता. दर थोड्या वेळाने विचारायचा, "आता माझं चाललं असेल, नाही?"

"हो," थर्झा म्हणायची. "आता तुझंच."