काटा एकशेदहावर

आमच्या समोरच्या घरातल्या काकाजींना जगातली कोणतीच गोष्ट अवघड वाटत नाही, आणि विजेतले तर साऱ्या दर्यापुरात आपल्याइतके कोणाला कळत नाही, याबद्दल त्यांच्या मनात जराही शंका नाही. नोकरी त्यांनी जमीनमोजणीची केली. विजेशी संबंध बिल भरण्यापुरता. पण शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असल्याशिवाय ते घराबाहेर पाऊल टाकत नाहीत. लग्नातसुद्धा आहेराच्या पाकिटाआधी टेस्टरच बाहेर येतो. आमच्या फ्रीजवर ते तापकऱ्याच्या कपाळावर ठेवावा तसा हात ठेवतात, डोळे मिटतात आणि सांगतात, "सूनबाई, आज लाइट थकून राहिली. मिक्सर लावू नोका." मग मी चटणी पाट्यावर वाटते. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा वाटणे सोपे.

उन्हाळ्यात तर त्यांचेच राज्य. संध्याकाळी घरोघरी कुलर सुरू झाले की पंखे जांभया द्यायला लागतात, आणि काकाजी गल्लीत फिरून दम देतात, "एका घरात एकच कुलर! दोन लावसान तं माहा फ्रीज बसून जाईन!" त्यांच्या ओसरीत एक जुने काट्याचे स्टॅबिलायझर आहे. व्होल्टेज किती हे तो काटा दाखवतो, आणि आल्यागेल्याला काकाजी पाण्याआधी तो काटा दाखवतात. काकू आतून म्हणतात, "त्यायले पाणी तं पिऊ द्या. का काटाच पाजता?"

अशा माणसाकडे या मे महिन्यात अमेरिकेहून नात आली. नऊ वर्षांची, आईबाबांसोबत, थोड्याच दिवसांसाठी. मराठी तिला समजायचे, पण बोलायची नाही. काकाजींनी हात पुढे केले की आईच्या मागे दडायची. "नवीन जागा हाय, रुळते," असे काकाजी हसून म्हणायचे, पण टेस्टर उगाच खिशातून काढून परत ठेवायचे.

तिने टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा आणला होता. काकाजींचा मुलगा म्हणाला, "बाबा, हा तिकडच्या एकशेदहा व्होल्टवर चालते. आपल्याइथं दोनशेतीस. लावला का जळलाच." पोरगी डबा मांडीवर घेऊन बसली, डोळे भरलेले. ते पाहून काकाजींनी तिथल्या तिथे निकाल दिला. "काई जळत नाही. एकशेदहाच पाह्यजे ना? आपली लाइट संध्याकाळी अशीई उतरते. अजून जराशी उतरवू."

आणि जन्मभर आमचे कुलर बंद करणारा माणूस त्या संध्याकाळी कुलर लावा म्हणत दारोदार फिरला.

"सूनबाई, कुलर लावा. इस्त्री हाय ना? तेबी लावा."

"इस्त्रीचे कपडे नाहीत काकाजी."

"मंग रिकामी तापवा!"

काकाजींना ऊन लागले असे गल्लीने ठरवले, पण नाही कोणी म्हटले नाही. कोणी पाण्याची मोटर लावली. मी इस्त्री तापवलीच, वर रिकामा मिक्सरही फिरवला, आणि बघायला त्यांच्या ओसरीपाशी जाऊन उभी राहिले. काकाजी काट्यासमोर बसलेले, हातात डब्याची पिन. आणि नात पहिल्यांदाच त्यांना खेटून बसलेली.

"एकशेऐंशी!" काकाजी ओरडले. "एकशेसाठ! त्या कोपऱ्यावरच्याले सांगा, गिझर लाव म्हणा!"

"मे महिन्यात गिझर?" पलीकडून आवाज आला.

"माह्या नातीसाठी लाव ना बाप्पा!"

त्याने लावला असावा. काटा एकशेचाळीसवर आला आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या डीपीत फाटकन आवाज झाला. अख्खी गल्ली अंधारात. सगळे कुलर थांबले, आणि त्या शांततेत नात खळखळून हसली.

मुलगा मात्र चिडला. "बाबा, डबा लावला असता अन् लाइट एकदम वाढली असती तं?" काकाजींनी हातातली पिन मुलाला देऊन टाकली. असे मी कधी पाहिले नव्हते.

वीज रात्री उशिरा आली. व्होल्टेज उतरवायचा ट्रान्सफॉर्मर घरपोच मागवला असता, तर तो यायच्या आत नात परत गेली असती. काकाजी सकाळच्या पहिल्या बसने अकोल्याला गेले आणि जुन्या शहरातली दुकाने धुंडाळू लागले. दुकानदाराला ते म्हणाले म्हणे, "भाऊ, मले यातलं समजत नाही. तुमीच सांगा." सोबत गेलेल्या काकूंनी शपथ घेतली म्हणून, नाहीतर मी विश्वास ठेवला नसता. दुपारी विटेहून जड अशी ती वस्तू छातीशी धरून ते आले, आणि गल्लीत शिरताच पुन्हा पहिले काकाजी झाले. "मले पयलेच मालूम होतं, हेच लागते!"

मग दोघे खेळू लागले. पडद्यावर चेंडू टाकून बाटल्यांसारखे खुंट पाडायचे, आळीपाळीने. काकाजींचा चेंडू दरवेळी कडेच्या नालीत. "लाइट कमी हाय, म्हून वाकडा जाते," असे ते म्हणायचे. आणि नात, हो, मराठीत ओरडायची, "आजोबा, खोटं नका बोलू!" हे आमच्या घरापर्यंत ऐकू यायचे. त्यांनी खिडकी मुद्दाम उघडी ठेवली होती.

ती परत गेली. डबा पुढच्या वेळेसाठी इथेच ठेवून गेली. परवा मी लोणच्याची वाटी द्यायला गेले तर टीव्ही चालू. काकाजींनी खेळ दोघांचा लावला होता. आपला चेंडू टाकून झाला होता, आणि ते हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसले होते. मी सहसा मधे बोलत नाही, पण विचारले, "पुढचा टाका ना काकाजी."

"कसा टाकू, सूनबाई?" ते म्हणाले. "आता तिची पाळी हाय."