दहापैकी साडेचार

देवपूरच्या आमच्या शाळेत खडू संपला तरी नाना अर्ज लिहायचे. शिपाई समोर उभा असायचा, तरी खाली 'आपला विश्वासू' आणि लपेटदार सही! मी वैतागून म्हणायचे, "अहो नाना, नुसतं सांगा ना त्याला!" ते चष्म्यावरून बघत. "बाई, रीत ती रीत."

इंग्रजी मात्र काय शिकवायचे! 'इनफॉर्मल' हा शब्द आला की पिंपळनेरचा हा कडक माणूस एकदम खुलायचा. "इनफॉर्मल म्हणजे घरात घालायचा सदरा. बटण तुटलेलं चालतं. वडिलांना पत्र लिहायचं ते असं, कळलं?" पोरं माना डोलवायची.

त्यांचा एकुलता एक मुलगा सुभाष सुरतेला कापड गिरणीत लागला. वडील खूश होतील म्हणून त्यानं पहिलं पत्र इंग्रजीत लिहिलं. नाना ते शाळाभर दाखवत फिरले. मग वहीसारखं लाल शाईनं तपासलं, दहापैकी साडेचार गुण दिले आणि परत पाठवून दिलं! त्यानंतर सुभाषचं पत्र नाही की येणं नाही. दोन वर्षं. मी चिडून म्हटलं, "पोराचं पत्र होतं ते, की तिमाही परीक्षा?" नाना म्हणाले, "मला दुसरं येतं काय, बाई?"

निवृत्तीनंतर त्यांनी अंथरूण धरलं. एका सकाळी मला बोलावून आंतर्देशीय पत्र पुढे केलं. 'चिरंजीव सुभाष यास अनेक आशीर्वाद', एवढंच लिहिलेलं. पुढे तीन दिवस काही सुचलं नव्हतं. किती जीव तुटला माझा! "नाना, घरात बोलता तसं लिहा." त्यांनी अहिराणीत लिहिलं, 'बेटा, तू कसा शे? मनी चूक व्हयनी. घर ये.' पेटीत मीच टाकलं.

आठवड्याभरात नाना गेले. तार मिळताच सुभाष आला, पण मुलाचं तोंड काही त्यांना दिसलं नाही. चौथ्या दिवशी पोस्टमननं दारात एक पत्र दिलं. तार मिळण्याआधी सुभाषनंच सुरतेहून टाकलेलं उत्तर होतं ते. सगळं मोडक्यातोडक्या इंग्रजीत, आणि शेवटी अहिराणीत एक ओळ: 'नाना, चुका काढी ठेवा. दिवाळीले मी येस.'

सुभाषनं पत्र आणि नानांचं लाल पेन माझ्यापुढे धरलं. "अक्का, तुम्ही तरी काढा."

मी टोपण काढलं. तीस वर्षं वह्या तपासलेली बाई मी, पण शपथेवर सांगते, त्या पत्रात मला एकही चूक सापडली नाही.