यादीतला कारखाना

पेणमधल्या जुन्या वास्तूंची यादी करायचं काम माझ्याकडे आलं ते निव्वळ माझ्या सुवाच्य अक्षरामुळे. मी रोह्याचा. पेणच्या शाळेत चित्रकला शिकवायचो, रोज एसटीने ये-जा करायचो. संध्याकाळी गल्लीबोळ पालथे घालून कोरीव चौकटी, तळ्याच्या पायऱ्या, देवळांचे चिरे वहीत उतरवले आणि यादी जिल्ह्याच्या समितीकडे पाठवली.

ती परत आली तेव्हा एकच ओळ तांबड्या शाईने खोडलेली होती. शेजारी शेरा : 'कारखाने वारशात येत नाहीत.'

खोडलेलं घर मला साऱ्या पेणमध्ये सगळ्यात प्यारं होतं. तिथे तीन पिढ्या गणपती घडत होते. पेणमध्ये मूर्ती घडतात त्या घराला कारखाना म्हणतात, म्हणून मीही पेणकर झाल्याच्या ऐटीत 'जुना कारखाना' एवढंच लिहिलं होतं. यादी वाचणारे साहेब निघाले माझ्याच गावचे. रोह्यात कारखाना म्हणजे भोंगा, शिफ्ट आणि केमिकलचा वास. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आणि रस्ता रुंद होणार होता. त्याच्या आड येणारी, यादीत नसलेली घरं पाडायची ठरली होती.

घरमालकीण काकूंना हे सांगताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सत्तरीच्या काकू गणपतीचे डोळे आखत होत्या. त्यांनी तो डोळा पुरा केला आणि मगच माझ्याकडे पाहिलं. साहेबांना इथे घेऊन या, म्हणाल्या.

साहेबांच्या दारात मी तीनदा गेलो. चौथ्यांदा माझा आवाज चढला. मला गप्प करायला का होईना, ते आले.

आत शिरताच त्यांनी मशिनरी कुठे आहे ते विचारलं. काकूंनी मागच्या भिंतीवरचा पडदा सारला. मूर्तीला डोळे काढण्याआधी कुंचल्याचं टोक भिंतीवर आजमावायची त्या घराची रीत होती. सगळी भिंत डोळ्यांनी भरलेली. तिला कधी चुन्याचा हात लागू दिला नव्हता. काकू बोटाने दाखवत गेल्या : हे आजेसासऱ्यांचे, हे सासऱ्यांचे, हे मालकांचे आणि इथून पुढचे त्यांचे स्वतःचे.

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि यादी मागितली. घर यादीत घेतो म्हणाले, फक्त शब्द बदलू, 'मूर्तिकला वास्तू' लिहू. खरं सांगतो, मलाही तो शब्द आवडला.

"नको," काकू म्हणाल्या. "या उंबऱ्यातनं आत आले तवा सासू म्हणाली, आजपासनं हा कारखाना तुजा गो. तोच शब्द लिवा."

साहेबांनी खोडलेल्या ओळीखाली स्वतःच्या हाताने लिहिलं : कारखाना. त्या संध्याकाळी रोह्याच्या गाडीत मी अनोळखी कंडक्टरला ही हकीगत सांगितली, दोनदा. पुढे रस्ता झाला, तो त्या घराला वळसा घालून.

दारावर पाटी लावायची ठरली तेव्हा अक्षरासाठी मलाच बोलावणं आलं. काकूंनी आपला कुंचला हातात दिला. मी पाटीकडे वळलो तर त्यांनी दंड धरून थांबवलं.

"आधी भिंतीवर," म्हणाल्या.

त्यांनी काढलेल्या डोळ्यांशेजारी जागा होती. मी एक डोळा काढला. थोडा तिरका आला, पण काकूंनी तो पुसू दिला नाही.