दुकानापुढचा व्हरांडा

लातूरला गोलाईच्या बाजारपेठेकडं जाणाऱ्या एका जुन्या रस्त्यावर आमचं दोरखंडाचं दुकान आहे. कासरे, दावी, सुतळी, घोंगड्या, आणि पोळ्याच्या आधी गोंडे, घुंगरमाळा. रेणापूर, चाकूरकडचे शेतकरी वडिलांच्या वेळेपासून येतात. आता बैल कमी झाले, पण शेळीला दावं लागतंच आणि ट्रॉलीवर कडबा आवळायला दोरही लागतो. दुकान चालू आहे.

इमारत दुमजली. खाली दगडी खांबांचा व्हरांडा, वर सागवानी सज्जा. आमच्या ओळीतल्या सगळ्याच दुकानांची अशी बांधणी होती. या टोकाचा माणूस त्या टोकाला उन्हाचा थेंब अंगावर न घेता जायचा. मी शाळेत असताना एकेकानं आपापल्या पुढचा व्हरांडा आत घ्यायला सुरुवात केली. वडिलांनीही खांबांच्या मध्ये शटर बसवलं आणि दुकान पाच फुटांनी वाढलं. त्या दिवशी घरी पेढे आणले होते, हे मला चांगलं आठवतं. पुढं मी माझ्या हौसेनं सज्ज्यावर आडवा पत्रा ठोकला आणि त्यावर दुकानाच्या नावाचा बोर्ड लावला. रस्त्यावरचा सगळ्यात मोठा बोर्ड आमचा होता.

काही वर्षांपूर्वी शेजारचे भांडीवाले एका मुलीला घेऊन दुकानात आले. मुलगी नायगावकडची, नांदेडला आर्किटेक्ट. जुन्या इमारती दुरुस्त करायचं काम करायची. भांडीवाल्यांना आपलं दुकान मूळ होतं तसं करायचं होतं आणि सगळी ओळच तशी व्हावी, असं त्यांच्या मनात होतं. मुलगी बाहेर उभी राहून टेपनं खांब मोजायला लागली. मला वाटलं, आत घेतलेला व्हरांडा पाडायला कुणीतरी पाठवलं.

"काय चाललंय?" मी ओरडलो.

"माप घेऊन राहिले, काका. खांबाचं."

"कशाला? महापालिकेकडनं आलात का तुम्ही?"

"नाही हो. हा व्हरांडा पुन्हा मोकळा झाला तर ओळ कशी दिसेल, ते कागदावर काढायचंय."

मग मी जे बोललो ते इथं लिहायचीही लाज वाटते. शिकलेल्या पोरींनी आमच्या पोटावर पाय देऊ नये, हे त्यातल्या त्यात सौम्य वाक्य. भांडीवाले मान खाली घालून निघून गेले. मुलगी मात्र गेली नाही. तिनं टेप गुंडाळला आणि बायकोकडं पाणी मागितलं. बायको नेहमीसारखी पुढच्या भागात, गादीवर बसली होती. तिनं तांब्या दिला. पाणी पिऊन मुलगी मला म्हणाली, "काका, मोजत नाही. वरचा मजला फक्त बघू द्या. दहा मिनिटं."

का कोण जाणे, मी नाही म्हटलं नाही. वर तर मीच कित्येक वर्षांत धड गेलो नव्हतो. जिन्यात सुतळीचे गठ्ठे होते. ते बाजूला सारत ती वर गेली, मोबाईलची बत्ती लावून. खाली मला कबुतरांची फडफड ऐकू येत होती. दहा मिनिटांची वीस झाली. उतरली तेव्हा डोक्यावर जळमटं, ओढणीला धूळ, आणि चेहरा एकदम गंभीर.

"काकू, जरा आत येऊन बसता का?" ती बायकोला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "काका, व्हरांड्याचं राहू द्या, बोर्डाचंही राहू द्या. पण काकूंच्या डोक्यावरच्या या तुळईला आज टेकू लावा. आजच."

मला वाटलं, भीती घालून काम काढती. मी पेचकस घेऊन शिडीवर चढलो. भिंतीत जिथं तुळई शिरते, तिथं टोचला. पेचकस मुठीपर्यंत आत गेला. जसा खव्यात चमचा जावा. पांढरी वाळवी माझ्या मनगटावर सांडली.

माझ्या पत्र्यानंच ते केलं होतं. पत्रा आणि सज्जा यांच्या मधल्या फटीत दर पावसाळ्यात पाणी उतरायचं, लाकडाला ऊन-वारा लागायचाच नाही, आणि ओल सरळ तुळईच्या टोकाशी मुरायची. त्या तुळईखाली माझी बायको रोज दिवसभर बसायची. शिडीवरून मी तिच्या गादीकडं बघितलं आणि तिथूनच सुताराला फोन लावला.

दुपारीच सुतार आला, टेकू लागले. मुलीची नांदेडची गाडी गेली, पण टेकू पक्के झाल्याशिवाय ती हलली नाही. त्या दिवशी ती आमच्याकडं जेवली.

दुरुस्ती तिच्याच देखरेखीखाली झाली. तिनं उदगीरहून एक म्हातारे सुतार आणले. बोलताना अर्धं कानडी, अर्धं मराठी. मी म्हणालो, सगळी तुळई काढा, लोखंडी टाका, कटकट मिटंल. सुतारांनी पटाशीच्या मागच्या बाजूनं तुळई टोकापासून टोकापर्यंत ठोकत नेली, कान लावून. "हे मेलंय," त्यांनी हातभर जागा दाखवली. "बाकी सगळं जिवंत हाय. जिवंत कशाला काढायचं?" मुलगी हसली. जेवढं खराब, तेवढंच काढलं. त्या जागी जुनं सागवान असं बसवलं, की आज मलाही जोड शोधावा लागतो.

या कामासाठी पत्रा उतरवावा लागला आणि शटरही. दुकान मागं सरकलं, वडिलांच्या शटरआधीच्या मूळ दारापर्यंत. काम चाललं तोवर व्हरांडा आपसूक मोकळा राहिला. माल कुठं ठेवायचा म्हणून मी रोज चिडचिड करायचो. शेवटी वरचा मजला साफ करून गठ्ठे तिथं लावले. सज्ज्यातून आता वर इतका उजेड येत होता, की दिवा लावायची गरज नव्हती.

त्याच दिवसांत एका दुपारी एक म्हातारी आली. चाकूरकडची असावी. काही घ्यायचं नव्हतं तिला. खांबाला टेकून बसली, फडक्यातली भाकरी सोडली, शांतपणे खाल्ली. मी पाणी दिलं तर म्हणाली, "बरं केलंस बाबा, हितं सावली केलीस. नवी नवरी हुते तवा ह्याच खांबापाशी उभी हुते, मालक बांगड्या घ्यायला गेलते. मधी लई वर्सं हितं उभंच राहता येत न्हवतं."

मी काहीच केलं नव्हतं. आमच्या घरानं तर ती सावली काढून घेतली होती. पण हे तिला न सांगता मी तांब्या पुन्हा भरून आणला.

संध्याकाळी बायकोला म्हटलं, "शटर परत न्हाई लावलं तर?"

"मी ते कवाच ठरवलंय," ती म्हणाली. "इतकी वर्सं मला रस्ता दिसत नव्हता, शटरपाशी उभ्या गिऱ्हाइकाचे पायच दिसायचे."

शटर लावलं नाही. भांडीवाल्यांनी त्यांचा व्हरांडा मोकळा केला, मग पलीकडच्या दोघांनी. त्यानंतर मात्र ओळ तुटते. तिथून पुढं उन्हात उतरावं लागतं. तिथला एक दुकानदार तर मला अजून येडा म्हणतो. त्याच्याशी मी भांडत नाही, त्याच्या जागी मीही तेच म्हणालो असतो. बाजाराच्या दिवशी आमच्या व्हरांड्यात इतकी माणसं टेकतात, की गिऱ्हाईक कोण आणि विसाव्याला कोण, ते कळत नाही. काही जण उठताना एखादं दावं घेतात, काही जण नुसतेच जातात.

मागच्या उन्हाळ्यात ती आर्किटेक्ट मुलगी तिच्या आईला घेऊन आली होती. चहा पिताना मी मनातलं बोलून टाकलं. "बाई, त्या दिवशी मी लई वाईट बोललो. दुसरी कुणी असती तर तशीच निघून गेली असती, आणि मग आमचं काय झालं असतं, ह्याचा इचारच करवत न्हाई. तुमचे उपकार हायत आमच्यावर."

ती कानकोंडी झाली. म्हणाली, "काका, ओरडतात तर सगळेच. पण तुम्ही वर जाऊ दिलं. बरेच जण तेवढंही करत नाहीत."

तिची आई व्हरांड्याच्या खांबावरून हात फिरवत होती. मला म्हणाली, "लेक काय काम करती ते इतके दिवस मला कळतच नव्हतं." मग तिनं पायातल्या चपला काढल्या आणि तिथंच, माझ्या बायकोशेजारी मांडी घालून बसली. दोघी बराच वेळ बोलत होत्या.