दादाच्या दोन काचा

काच मी फोडली. मुद्दाम नाही, स्कूटर मागे घेताना तिचं पायदान पार्किंगमधल्या खांबाला लागलं, टिक्‌ असा आवाज झाला आणि दादाने खांबावर चिकटवलेली बोटभर काचेची पट्टी खाली आली. कुणाच्या घरची खिडकी फुटली असती तर मी एवढा घाबरलो नसतो. तुकडे रुमालात गोळा केले, कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि ‘आधी अंघोळ करू, मग चहाच्या वेळी दादाला बेताबेताने सांगू’ असं ठरवून वर आलो. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे ‘आधी अंघोळ करू’ इथूनच सुरू झालेले आहेत.

दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. बिल्डरकडे साइट सुपरवायझर. आमची ही इमारत त्याच्याच देखरेखीखाली उभी राहिली आणि त्याच्याच शब्दावर अर्धं खानदान इथे राहायला आलं: मी, मामा-मामी, वहिनीचा भाऊ, वहिनीच्या भावाचे सासरे. लग्नाला जमत नाहीत एवढे नातेवाईक आमच्या जिन्यात रोज भेटतात.

तेव्हा शहरात जिकडे बघावं तिकडे बांबू आणि हिरव्या जाळ्या. आज पाया, उद्या रंगारी. आणि हवा अशी दमट, की सकाळी वाळत घातलेला टॉवेल संध्याकाळी जास्त जड लागावा. दादा म्हणायचा, “भिंती अजून ओल्या आहेत, थोडं थांबू या.” बिल्डर म्हणायचा, “अहो, गिऱ्हाईक दारात उभं आहे.” आणि गिऱ्हाईक खरंच दारात उभं असायचं, कारण ते आमची मामीच असायची. भिंतींच्या आधी तिचे पडदे शिवून तयार होते. “पडदे लावले की वाळेल रे आपोआप,” असं तिचं बांधकामशास्त्र.

ते काही वाळलं नाही. दमट हवेने आतल्या सळया गंजल्या, गंजून फुगल्या आणि छताचे पापुद्रे सुटायला लागले. दादा खिशात छोटी हातोडी घेऊन भिंती ठोकत हिंडायला लागला. आवाज भरीव आला की पुढे, पोकळ आला की तिथेच थांबून मान हलवायची. लोकांनी त्याचं नाव ‘टकटक’ ठेवलं. बिल्डरला सांगितलं तर तो म्हणाला, “हवामान आहे, साहेब.” सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगितलं तर ते म्हणाले, “हळू बोला, दोघातिघांनी फ्लॅट विकायला काढलेत.”

मी एकदा त्याला म्हटलं, “तूही विकून टाक आणि सूट इथून.”

“घ्यायला येईल त्याला काय सांगू?”

“काही सांगू नकोस.”

“बरं. आणि तुम्हाला सगळ्यांना इथे आणून बसवलंय, त्याचं काय करू?”

वहिनी सांगते, झोपेतसुद्धा त्याचा एक हात भिंतीला टेकलेला असतो.

शेवटी सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याने काचा काढल्या. दोन खांबांना केसाएवढ्या चिरा होत्या. चिरेच्या दोन्ही काठांना सिमेंटचा ठिपका द्यायचा आणि मधे आडवी काच बसवायची. “चीर रुंदावली की काच तुटेल,” दादा म्हणाला. “माणूस ताण सहन करत राहतो. काच करत नाही.” एक काच पार्किंगमध्ये, दुसरी मागच्या पंपाच्या खोलीत, जिथे माणसालाही पोट आत ओढून आडवंच शिरावं लागतं.

सेक्रेटरी हात जोडून म्हणाले, “ठरलं. काच तुटली की सगळी बिऱ्हाडं खाली उतरतील, इंजिनिअर बोलावू, तो हो म्हणेपर्यंत कुणी वर जाणार नाही. पण टकटकसाहेब, एकदा का खोटी हाकाटी केलीत, तर पुन्हा तुमचं कुणी ऐकायचं नाही.”

दादाने मान डोलावली. आता लक्षात आलं ना, मी रुमालात काय गोळा केलं होतं?

तर मी डोक्याला साबण लावून उभा, आणि बाहेर हातोडी वाजायला लागली. भिंतीवर नव्हे, दारांवर. “खाली या! आहात तसे खाली या!” दादाचा आवाज. चहाच्या आधीच त्याची फेरी झाली होती.

मी दाराकडे झेपावलो. दार उघडेना. दमट दिवसांत आमच्या बाथरूमचं दार फुगून बसतं आणि बाहेरून खालच्या कोपऱ्यात लाथ घातल्याशिवाय हलत नाही.

“अगं, दार!” मी ओरडलो.

“खाली बोलावलंय सगळ्यांना, तुमचं काय चाललंय आत?” आमची ही.

“मी अडकलोय! आणि काच मी फोडली!”

“आरसा फोडलात?”

“आधी लाथ मार!”

तिने मारली. मला जरा जास्तच मन लावून मारल्यासारखी वाटली. टॉवेल गुंडाळून, साबणासकट खाली पोहोचलो तर अख्खी इमारत अंगणात. मामी कुकर छातीशी धरून उभी. वहिनीचे हात कणकेने भरलेले. सेक्रेटरींची अर्धी दाढी झालेली. सगळ्यांच्या मधे दादा, पांढराफटक. “काच तुटली,” एवढंच म्हणत होता.

मी सांगून टाकलं. स्कूटर, पायदान, रुमाल, सगळं.

मग जो काही गिल्ला झाला! “मेल्या, दूध गॅसवर आहे माझं,” मामी म्हणाली. सेक्रेटरींनी उरलेल्या दाढीवरून हात फिरवला आणि गोड आवाजात म्हणाले, “टकटकसाहेब, आपलं ठरलं होतं हं.” कुणी हसलं, कुणी चिडलं, पण दादाकडे कुणी बघेना. तो गर्दीतून निघून इमारतीच्या मागे गेला. मला वाटलं, तोंड लपवायला गेला. आणि ते माझ्यामुळे.

लोक जिन्याकडे वळले तेवढ्यात तो परत आला. अंगाला खोलीचा चुना लागलेला. सगळ्यांच्या पुढे होऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला, दोन्ही हात दोन्हीकडच्या भिंतींना टेकवून. वाट बंद.

“अहो, उठा ना,” वहिनी.

“हे आता फार होतंय,” सेक्रेटरी. “ठरल्याबाहेरचं होतंय.”

“अरे, माझं दूध!” मामी.

तो हलेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. निस्तरायला मीच लायक. टॉवेल सावरत मी त्याच्यासमोर उकिडवा बसलो.

“दादा, माझं चुकलं. हवं तर सगळ्यांदेखत दोन थोबाडीत दे. पण आता या लोकांना वर जाऊ दे. काच स्कूटरने तुटली रे, इमारतीने नाही.”

दादा म्हणाला, “पंपाच्या खोलीतलीही तुटलीये, आणि तिथे तुझी स्कूटर जात नाही.”